दोन किलोंचा नाताळ : सोलापुरातील एका भट्टीचे परीक्षण

घरचे साहित्य नेऊन द्यायचे आणि नाताळच्या फराळासाठी नानकटाई व केक भाजून आणायचा, ही सोय सोलापुरातल्या काही जुन्या बेकऱ्यांनी अजून टिकवून ठेवली आहे. सात रस्त्यापासून पायी दहा मिनिटांवर असलेल्या अशाच एका लाकडाच्या भट्टीवर आमचे कुटुंब गेली वीस वर्षे जात आहे आणि यंदाही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेले. मात्र दरवर्षी पाच किलो मैद्याची नानकटाई करणाऱ्या आमच्या घराने यंदा दोनच किलोची करायचे ठरवले होते. माझे पती टॉवेलच्या कारखान्यात काम करतात. पावसाळ्यानंतर तिथल्या पाळ्या कमी झाल्या आणि घरात येणारा पगार जवळजवळ निम्म्यावर आला. त्यामुळे मी लिहीत आहे ते भट्टीच्या कामाविषयी आहे, आणि हात आखडून सण करताना त्या कामातून आम्हाला काय मिळाले याविषयीही आहे. या दोन गोष्टी मला एकमेकींपासून सोडवता येत नाहीत.

आधी तिथली पद्धत सांगते. मैदा, तूप, पिठीसाखर, थोडा रवा, वेलदोड्याची पूड असे सगळे साहित्य आपले असते; मळण्याचे काम घरी करता येते किंवा तिथला कारागीर करून देतो. आमच्याकडे एक किलो मैद्याला पाऊण किलो तूप आणि पाऊण किलो पिठीसाखर हे प्रमाण आहे, आणि तूप-साखर तळहाताने पांढरीशुभ्र व हलकी होईपर्यंत फेसण्याचे काम सासूबाई वयाच्या पंचाहत्तरीतही कोणाच्या हाती देत नाहीत. मळलेला गोळा डब्यात भरून, झाकणावर नावाची चिठ्ठी लावून, सकाळी भट्टीवर न्यायचा. तिथे बसून लहान लहान गोळे वळायचे, पत्र्यावर अंतर सोडून मांडायचे आणि आपला क्रमांक येईपर्यंत थांबायचे. मजुरी मैद्याच्या वजनावर आहे. यंदा किलोमागे ८० रुपये पडले.

लाकडाच्या भट्टीत नानकटाई चांगली का होते, हे तिथे तासभर बसले की आपोआप समजते. पहाटे लाकडे पेटवून आतल्या विटा तापवतात, निखारे बाजूला ओढतात आणि सर्वांत आधी पाव घालतात, कारण पावाला कडक आच लागते. पाव निघाले की भट्टी उतरू लागते. यानंतर नवे लाकूड न घालता, विटांनी धरून ठेवलेल्या उष्णतेवरच पुढची कामे होतात: आधी केक, मग नानकटाई आणि अगदी शेवटी टोस्ट, कारण टोस्ट भाजण्यापेक्षा वाळवण्याचेच काम जास्त असते. नानकटाईला मंद आणि चहूबाजूंनी सारखी आच हवी. आच चढली तर बूड करपते आणि पोट कच्चे राहते, उतरली तर तूप सुटून गोळे पसरतात. घरच्या विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये मी दोन वर्षे प्रयत्न करून पाहिला; नानकटाई वाईट झाली नव्हती, पण वरच्या त्या खोल भेगा आणि तुपाच्या वासाखाली हलकेच जाणवणारा लाकडाचा वास मला घरी कधी मिळाला नाही.

या सेवेविषयी सर्वाधिक तक्रार असते ती थांबण्याची. आम्ही साडेदहाला पोहोचलो आणि आमचा पहिला पत्रा आत गेला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बसायला दोन बाके आहेत, पंखा एकच आहे आणि भट्टीच्या तोंडासमोर डिसेंबरातही घाम येतो. ज्यांना वेळ नाही त्यांची ही अडचण खरी आहे आणि मी ती कमी लेखणार नाही. मला स्वतःला मात्र ते साडेतीन तास यंदाच्या आगमनकाळातले सर्वांत मोलाचे वाटले, आणि त्याला कारण एक वही आहे.

नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा काळ आम्ही ख्रिस्ती लोक आगमनकाळ म्हणून पाळतो. आमच्या घरी या दिवसांत संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत प्रत्येकाने त्या दिवसाचा एक उपकार सांगायचा असतो, आणि सासूबाई तो तारीख घालून एका शंभरपानी वहीत लिहितात. यंदा हे मला फार जड जात होते. निम्मा पगार हातात आला त्या संध्याकाळी मी सरळ सांगितले की आज माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही. त्या रागावल्या नाहीत, समजूत घालायलाही बसल्या नाहीत. माझ्या नावापुढची ओळ कोरी सोडून त्यांनी वही मिटली आणि प्रार्थना पुढे चालू ठेवली. ती कोरी ओळ मला चार दिवस टोचत राहिली.

भट्टीवर गोळे वळून झाल्यावर त्यांनी पिशवीतून वही काढली, पण ती यंदाची नव्हती. सासरे ज्या गिरणीत कामाला होते ती बंद पडली त्या वर्षीची, कडा पिवळ्या पडलेली, जुनी वही त्यांनी मुद्दाम सोबत आणली होती. त्यांनी एक पान उघडून माझ्या हातात दिले. एका तारखेपुढे पेन्सिलीने एवढेच लिहिले होते : ‘शेजारणीने ज्वारी दिली. भाकरी झाली.’ दुसऱ्या दिवशी : ‘पाणी वेळेवर आले.’ तिसऱ्या दिवसाची ओळ कोरी होती. मी वर पाहिले तेव्हा त्या म्हणाल्या, “माझ्याही आहेत गं कोऱ्या ओळी. पण वही बंद नाही केली.”

बायबलमध्ये, फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात, प्रेषित पौल सांगतो की, विपुलता असो की टंचाई, कोणत्याही स्थितीत समाधानी राहायला तो शिकला आहे. हे पत्र त्याने बंदिवासातून लिहिले, हे मी लहानपणापासून रविवारच्या शाळेत ऐकत आले आहे. पण त्यातल्या ‘शिकलो’ या शब्दापाशी मी कधी थांबले नव्हते. मला वाटत असे की काही माणसे मुळातच समाधानी वृत्तीची असतात आणि आपण तशा नाही. पौलालासुद्धा ते शिकावे लागले असेल, सासूबाईंना ज्वारीच्या त्या वर्षी शिकावे लागले असेल, तर मी अजून शिकत आहे यात लाजण्यासारखे काही नाही, ही गोष्ट त्या बाकावर मनात उतरली आणि कित्येक आठवड्यांचे ओझे हलके झाले.

बाकावरची माणसेही या सेवेचाच भाग आहेत. आमच्या शेजारी तेलुगू बोलणारे एक कुटुंब होते, पलीकडे अक्कलकोटच्या बाजूची कानडी बोलणारी आई आणि तिच्या दोन मुली. पत्रे अदलाबदल होऊ नयेत म्हणून प्रत्येक घर आपल्या गोळ्यांवर खूण करते. सासूबाई सुरीच्या पाठीने क्रूस उमटवतात, तेलुगू कुटुंबाने काडीने तारा काढला होता. कोणीतरी हलक्या आवाजात नाताळचे भजन सुरू केले आणि सासूबाईंनी डब्याच्या झाकणावर बोटांनी ठेका धरला. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग-भजनाचा बाज आमच्या मराठी उपासनेत आणला, म्हणून पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसाला ख्रिस्तजन्माचे गाणेसुद्धा टाळाच्या लयीत सुचते, आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे.

आता झालेली चूक. आमचा पहिला पत्रा थोडा लवकर आत गेला आणि मागच्या भिंतीलगतच्या दोन ओळी, म्हणजे चाळीसपैकी सोळा नानकटाया, बुडाला करपल्या. पाच किलोंच्या वर्षी याचे काही वाटले नसते. दोन किलोंत सोळाही फार वाटतात. भट्टी सांभाळणारे चाचा स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, “अम्मा, हा पत्रा माझ्या हातनं चुकला. एक किलोची मजुरी धरायची नाही.” सासूबाईंनी नको म्हटले तरी त्यांनी ऐकले नाही, आणि पुढचे चारही पत्रे घालण्यापूर्वी आत मूठभर मैदा टाकून तो किती वेळात लालसर होतो, हे त्यांनी दरवेळी पाहून घेतले. चूक सगळ्यांकडूनच होते. ती मान्य करून भरपाई देणारी आणि लगेच सुधारणारी जागा मी सहसा सोडत नाही.

आमच्या घरी पहिला पत्रा नेहमी बाहेर जातो. त्यातला थोडा भट्टीवरच्या कारागिरांना आणि उरलेला मंडळीतल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांना, अशी रीत आहे. यंदा पहिलाच पत्रा बिघडला तेव्हा, खरे सांगते, मला मनातून सुटल्यासारखे झाले. देण्याजोगे राहिलेच नाही, तर यंदापुरते देणे टळले, असा हिशेब मी करून टाकला होता. सासूबाईंनी दुसरा पत्रा बाहेर येताच तोच पहिला धरला आणि अखंड भेगांच्या, सोनेरी कडांच्या चाळीस नानकटाया वेगळ्या काढल्या. परत येताना रिक्षात त्यांनी माझ्या मुलीला बायबलमधली सारफथ गावच्या विधवेची गोष्ट सांगितली. दुष्काळात तिच्या मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडेसे तेल उरले होते, स्वतःसाठी आणि मुलासाठी शेवटची भाकर करावी म्हणून ती काटक्या वेचत होती, आणि एलीया संदेष्ट्याने तिला आधी आपल्यासाठी एक लहान भाकर करून आणायला सांगितले. तिने तसे केले, आणि पाऊस पडेपर्यंत मडक्यातले पीठ सरले नाही. मुलीने विचारले, “मग तिला भीती नाही वाटली?” सासूबाई म्हणाल्या, “वाटली असणारच की.”

घरी आल्यावर मी मोजदाद केली. दोनशेतून करपलेल्या सोळा आणि दिलेल्या चाळीस वजा जाता १४४ उरल्या. आमच्या गल्लीत बावीस घरे आहेत. एरवी प्रत्येक ताटात डझनभर असत, यंदा पाच-पाच ठेवल्या, सोबत दोन करंज्या आणि मूठभर शंकरपाळी. एकाही घरात कोणी कमी दिले म्हणून पाहिले नाही. उलट एका शेजारणीने रिकामे ताट कसे परत करायचे म्हणून त्यात शेंगांची चटणी आणि कडक भाकरी भरून पाठवली. घरात चौतीस राहिल्या. करपलेल्या सोळांची बुडे मी सुरीने खरवडली आणि त्या आम्ही चहात बुडवून आधीच संपवल्या; मुलीला त्याच जास्त आवडल्या.

चवीविषयी माझे मत स्पष्ट आहे. नानकटाई ओठांनी दाबली तरी फुटते, जिभेवर तूप आधी येते आणि वेलदोडा नंतर, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ती वीस दिवस सहज टिकते. तुलना करता यावी म्हणून सांगते की त्याच आठवड्यात आम्हाला भेट म्हणून एका मोठ्या दुकानातला तयार प्लम केक आला होता. तो सुबक होता, देणाऱ्याच्या प्रेमाबद्दल मी आभारी आहे, पण त्यात टुटीफ्रुटी जास्त आणि मनुका कमी होत्या, आणि त्याच्या किमतीत आमच्या दोन्ही किलोंची पूर्ण मजुरी भागून थोडे पैसे उरले असते. ज्यांच्याकडे एक दिवस मोकळा आहे त्यांनी भट्टीवरच जावे. ज्यांच्याकडे लहान बाळ आहे किंवा ज्यांना धूर सोसत नाही त्यांनी डबा देऊन यावे आणि संध्याकाळी न्यावा. तशी सोयही आहे, फक्त मग पत्र्याजवळ आपले कोणी नसते हे लक्षात ठेवावे.

त्या संध्याकाळच्या प्रार्थनेत सासूबाईंनी माझ्या नावापुढे पेन्सिल टेकवली तेव्हा मी चाचांचे नाव सांगितले, आणि मग न थांबता ज्वारी देणाऱ्या त्या जुन्या शेजारणीचेही, जिला मी कधी पाहिलेले नाही. एका दिवसाला एकच उपकार असा नियम आहे, पण त्यांनी दोन्ही लिहून घेतले.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. १८ डिसेंबरनंतर गर्दी फार वाढते आणि शेवटच्या दोन दिवसांत केकच्या मोठ्या ऑर्डरींमुळे घरगुती डबे घेत नाहीत, म्हणून दुसरा आठवडा बरा. पत्रे तिथे मिळतात, पण नानकटाई भरून आणायचे डबे आपले न्यावेत, आणि गरम असताना झाकण लावू नये, नाहीतर वाफ धरून ती मऊ पडते. पावती मिळत नाही. डब्यावरची चिठ्ठी पेनाने लिहू नये, तुपाच्या हाताने शाई पसरते आणि नाव वाचता येत नाही, पेन्सिलीने लिहावी.