जठरातील नॅनोकण: झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड

झिंक ऑक्साइड (जस्ताचे संयुग) आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, पोटात गेल्यास जठराच्या कर्करोगाच्या दृष्टीने कोणाची काळजी अधिक करावी? झिंक ऑक्साइडचे नॅनोकण जठरातील आम्लात बहुतांशी विरघळतात. मग प्रश्न उरतो तो कणांचा नव्हे, तर जस्ताच्या आयनांच्या (विद्युतभारित अणूंच्या) मात्रेचा. टायटॅनियम डायऑक्साइड मात्र आम्लाला दाद देत नाही. त्याचे कण टिकून राहतात आणि पेशींत शिरल्यास ऑक्सिडीकारक ताण (अतिक्रियाशील रेणूंचा पेशीवर पडणारा भार) निर्माण करून डीएनएला इजा करू शकतात, असे प्रयोगशाळेतील काही अभ्यासांत दिसले आहे. ही शक्यता नाकारता न आल्यानेच युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये त्याला खाद्यरंग म्हणून सुरक्षित मानणे थांबवले आणि २०२२ मध्ये युरोपीय संघाने त्याच्या अन्नातील वापरावर बंदी घातली. माणसांत जठराचा कर्करोग त्यामुळे होतो, हे अर्थातच यातून सिद्ध होत नाही (हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे तो होतो, याचा पुरावा कितीतरी भक्कम आहे). तरीही अधिक सावधगिरी मला टायटॅनियम डायऑक्साइडबाबतच आवश्यक वाटते, कारण न विरघळणारा कण ऊतींत साचू शकतो.