जाळीचा वाढवता येणारा रॅक: अकरा महिने वापरल्यावर

गेल्या जूनमध्ये आमच्या ड्राय बाल्कनीत स्टीलच्या जाळीचा रॅक आला. सिंहगड रोडवरचा टू बीएचके, माणसं पाच, आणि सासूबाई अजूनही वर्षाचं धान्य एकदम भरणाऱ्या. मे महिन्यात मार्केट यार्डातून गहू, तांदूळ, डाळी येऊन पडल्या की स्वयंपाकघरात चालायला वाट राहत नाही. लॉफ्ट गणपतीच्या मखराने आणि गाद्यांनी भरलेला. सुताराकडून कपाट करून घ्यायचं तर भाड्याच्या घरात जीव होत नाही. म्हणून 72 इंच उंच, 36 रुंद, 14 खोल, चार फळ्यांचा रॅक साडेसहा हजारांना घेतला. ‘पुढे हवा तसा वाढवा’ असं खोक्यावर लिहिलेलं होतं, आणि मी घेतला तो त्याच भरवशावर.

घेण्याआधी मी भिंत दोनदा मोजली, वहीत आकृती काढली. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, “अगं, भिंत कुठे पळून जातेय? आधी डबे मोज.” सदाशिव पेठेतल्या वाड्यात चौदा माणसांची कोठीची खोली सांभाळलेली बाई! त्यांचं ऐकलं, आणि या सगळ्या प्रकरणात तेच सर्वात उपयोगी पडलं.

आमच्याकडे धान्याला तेलाचे 15 किलोचे रिकामे पत्र्याचे डबे आहेत. एक डबा सुमारे 14 इंच उंच आणि सव्वानऊ इंच चौरस. म्हणजे 36 इंचांच्या फळीवर तीन डबे शेजारी-शेजारी, बाजूला थोडी जागा. उंचीचा हिशेब मात्र फसवा असतो. फळीच्या कडेला नागमोडी तारेची पट्टी असते, ती सव्वा इंच खाते. झाकण उघडून वाटी आत घालायला हात जायला हवा. म्हणून 14 इंचांच्या डब्याला मी 18 इंचांचा कप्पा ठेवला. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून 6 इंचांवर, खालून झाडू आणि पोछा फिरावा म्हणून. अशा डब्यात गहू तेरा-चौदा किलो मावतो, तीन डब्यांचे चाळीसेक किलो झाले. आमच्या रॅकच्या कागदावर एका फळीला 80 किलो लिहिलंय, पण ते वजन फळीभर सारखं पसरलेलं असेल तेव्हाचं. मधोमध एकच जड पिंप ठेवलं तर तो आकडा धरता येत नाही. जड डबे खाली ठेवले, त्यांच्यावर डाळी, आणि सगळ्यात वर पापड-कुरडयांचे हलके डबे.

जोडणी सोपी आहे, पण कशी चालते ते समजून घ्या. खांबावर दर इंचाला बारीक खाच असते. प्लास्टिकच्या क्लिपचे दोन अर्धे भाग खाचेवर आमनेसामने दाबले की टक् असा आवाज येतो. क्लिप वर निमुळती, खाली रुंद. फळीच्या कोपऱ्यातली गोल कडी वरून खांबात घालून क्लिपवर बसवायची, आणि वजन पडेल तशी ती आणखी घट्ट रुतते. ना नट, ना स्क्रू. चारही खांबांवर क्लिपा एकाच नंबरच्या खाचेत हव्यात. आमची एक क्लिप एका खाचेने वर गेली आणि दुसरी उलटी लागली, त्यात पाऊण तास गेला. कोपरे बसवायला रबरी हातोडी घ्या. पुढे फळी सोडवतानाही तीच लागते, खालून एकेका कोपऱ्याला हळूच ठोकायचं.

आणखी एक. आमचे खांब दोन तुकड्यांचे आहेत, 36 इंचांवर आटे फिरवून जोडलेले. त्या सांध्यावर क्लिप नीट बसत नाही, त्यामुळे तिथे फळी आखू नका.

ड्राय बाल्कनीची फरशी सांडपाण्याच्या जाळीकडे उतार देऊन बसवलेली असते, पाणी निघून जावं म्हणून. त्यामुळे पहिल्या दिवशी रॅक उताराकडे झुकला. शेजारच्या फ्लॅटमध्ये काम करणाऱ्या गवंड्याकडून पाणसळ मागून आणली, फळीवर ठेवली आणि पायांचे स्क्रू फिरवत बुडबुडा मध्ये आणला. पुढचे दोन पाय जवळजवळ पाऊण इंच बाहेर काढावे लागले. त्यानंतर घरमालकांना विचारून भिंतीत एक हुक मारला आणि मधल्या फळीला पट्टीने बांधलं. रॅकची उंची त्याच्या खोलीच्या चौपटीपेक्षा जास्त असेल तर रॅक बांधून टाकावा, हा नियम लहान मुलांच्या घरात अजिबात टाळू नका. आमचं प्रमाण पाचाच्या वर जातं.

पावसाळ्यात याचा खरा गुण कळला. जाळीतून वारा खेळतो, डब्यांच्या बुडाशी ओल धरत नाही. यंदा एकाही डब्याला खालून गंज चढला नाही. रॅकला मात्र ऑगस्टमध्ये तारांच्या जोडावर तांबूस ठिपके आले, वॉशिंग मशीनच्या बाजूने. चकचकीत क्रोम घरातल्या कोरड्या जागेला चांगला. ओलसर जागेसाठी कोटिंग केलेला घ्यायला हवा होता, ही माझी चूक. आता दर पंधरवड्याला कोरड्या फडक्याने पुसते, ठिपके वाढलेले नाहीत.

जाळीचा तोटा सांगते. जुलैत लोणच्याच्या बरणीतून तेल पाझरलं आणि दोन फळ्या ओलांडून थेट तांदळाच्या डब्याच्या झाकणावर आलं. सासूबाईंनी मुकाट्याने बरणीखाली जुनी स्टीलची परात सरकवली. बारीक बुडाच्या बाटल्या तारांमध्ये कलंडतात, त्यांना ट्रे हवाच.

आता वाढवण्याचं. दिवाळीच्या आधी फराळाच्या डब्यांना जागा हवी होती. तोवर ज्या दुकानातून रॅक घेतला तिथे तो माल येणं बंद झालं होतं. दुसरीकडून दोन खांब, तीन फळ्या आणि क्लिपा आणल्या. दिसायला सारखंच सगळं. पण नव्या खांबांची जाडी अर्धा मिलिमीटर कमी भरली. जुन्या क्लिपा त्यावर सैल, आणि नव्या क्लिपांवर फळीची कडी धरेना. रात्री साडेदहाला चकलीचा डबा ठेवला आणि फळीचा एक कोपरा सरकन तीन इंच खाली आला. डबा मी वरच्या वर धरला म्हणून वाचला. मग एक जुनी क्लिप पर्समध्ये घालून बोहरी आळीत चार दुकानं फिरले, चौथ्यात जुळणारे खांब आणि क्लिपा मिळाल्या. आधी आणलेले, न जुळलेले खांब त्या दुकानदाराने परत घेतले नाहीत.

वाढवायची दुसरी अट कुणी सांगत नाही. बाजूला जोडायचा रॅक दोनच खांबांवर उभा राहतो, दुसरी बाजू एस आकाराच्या आकड्यांनी जुन्या फळीच्या कडेला अडकवतात. खांबांचे पैसे वाचतात, पण नवी फळी जुन्या फळीच्याच पातळीला येते. मला शेजारी उंच पातेल्यांसाठी मोठा कप्पा हवा होता, तो मिळाला एक फळी न लावल्यामुळे. पातळ्या वेगळ्या हव्या असतील तर चार खांबांचा स्वतंत्र रॅक शेजारी उभा करा. आणि वाढ कुठल्या बाजूला होणार ते पहिल्याच दिवशी ठरवा. आमचा रॅक उजव्या भिंतीला चिकटून होता, डावीकडे मशीनचा नळ. सगळं धान्य उतरवून रॅक सरकवला तेव्हा आकडे लावता आले.

म्हणून घेतानाच एका फळीच्या जास्तीच्या क्लिपा आणि चार आकडे मागून घ्या, खांबाची जाडी मिलिमीटरमध्ये बिलावर लिहून घ्या. आमच्याकडे आता आठ क्लिपा हळदीच्या रिकाम्या बरणीत ठेवल्यात, सगळ्यात वरच्या फळीवर. परवा सासूबाईंनी मशीनच्या वरच्या जागेकडे बघत टेप मागितली. यावेळी आधी पिंपं मोजली.