लाल एच, हिरवा एच: रोगलाइकमध्ये अक्षरं की टाइल्स, सात महिन्यांनंतर

आधी एक कबुली देतो, नाहीतर पुढचं वाचताना गोंधळ होईल. मला लाल आणि हिरव्यातला फरक धड कळत नाही. आईच्या वडिलांना होतं, ते आईमार्फत माझ्याकडे आलं. नाशिकमध्ये द्वारकेच्या सिग्नलला मी रंग बघत नाही, वरचा दिवा लागलाय की खालचा ते बघतो. अंबडला कारखान्यात मेंटेनन्स बघतो, तिथेही पॅनलवरचे दिवे मी जागेवरूनच ओळखतो. तेव्हा हा अनुभव थोडा तिरक्या डोळ्यांचा आहे. पण मला वाटतं, ज्यांचे डोळे सरळ आहेत त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि सिडकोत संध्याकाळी लाइट जायला लागली. वायफाय बंद, जुन्या लॅपटॉपची बॅटरी जेमतेम दोन तास. भाच्याने सुचवलं, मामा, रोगलाइक खेळा, नेट लागत नाही आणि तुमच्या डबड्यावरही चालतात. माहीत नसलेल्यांसाठी सांगतो: दर डावाला तळघराचा नकाशा नवा, तुम्ही एक चाल केलीत की बाकीचे एक चाल करणार, आणि मेलात की मेलात. मागचा सेव्ह उघडून परत यायची सोय नाही. तेव्हापासून मी तीन खेळ आलटून पालटून खेळतोय: नेटहॅक, डंजन क्रॉल स्टोन सूप आणि ब्रोगची कम्युनिटी एडिशन. तिन्ही फुकट आहेत आणि तिन्ही अक्षरांतही खेळता येतात, चित्रांतही, म्हणजे टाइल्समध्ये.

सुरुवात नेटहॅकने केली, तीही अक्षरांत. तुम्ही म्हणजे @. कुत्र्याच्या जातीचं सगळं छोटा डी, ड्रॅगन मोठा डी. औषध !, गुंडाळी ?, खायचं %. बायकोने मागून डोकावून विचारलं, "बाराखडी संपली का तुमची?" मला मात्र चार दिवसांत ते वाचता यायला लागलं, कारण माझं कामच तसलं आहे. प्लँटच्या ड्रॉइंगवर कोणी प्रेशर ट्रान्समीटरचं चित्र काढत नाही. एक गोल काढतात आणि आत पीटी लिहितात. पहिलं अक्षर काय मोजतोय ते, दुसरं काय करतोय ते. टीटी दिसलं की टेम्परेचर. नेटहॅकचंही तेच आहे: अक्षर जात सांगतं. चित्र बघून "हे काय असेल बरं?" असा प्रश्न पडतो, अक्षर बघून पडत नाही.

मग आला ड्वार्फ.

नेटहॅकमध्ये छोटा एच म्हणजे ठेंगण्या माणसांची जात. हिरवा एच हॉबिट, तो फारसं काही बिघडवत नाही. लाल एच ड्वार्फ, आणि त्याच्या हातात कुदळ किंवा कुऱ्हाड असते. तपकिरी एच बगबेअर. मला तिन्ही एकाच मातकट रंगाचे दिसतात. माझा जादूगार नुकताच ग्नोमांच्या खाणीत उतरलेला, अंगात बारा-तेरा जीव (हिट पॉइंट, किती मार झेलता येईल त्याचा आकडा). समोर एच आला. मी म्हटलं हॉबिट असेल, घाला काठी. भाचा शेजारी पोहे खात होता, तो ओरडला, "मामा, लाल आहे तो, लाल!" तोवर दोन फटके बसले होते आणि स्क्रीनवर थडगं आलं होतं.

त्या रात्री मी चिडून थोडं वाचलं. ज्या खेळावरून रोगलाइक हे नाव पडलं, त्या १९८०च्या मूळ 'रोग'मध्ये ही भानगडच नव्हती. मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी तो लिहिला तेव्हा समोर एकरंगी टर्मिनल होतं, म्हणजे नुसती अक्षरं दाखवणारा पडदा. राक्षस २६ आणि इंग्रजी मोठी अक्षरंही २६. बॅटला बी, ड्रॅगनला डी, विषय संपला. म्हणजे तो खेळ माझ्यासारख्याला अगदी सोयीचा होता. नेटहॅक आला १९८७मध्ये आणि फुगत फुगत त्यात साडेतीनशेहून जास्त प्राणी झाले. अक्षरं संपली, मग उरलेला भार रंगावर टाकला. म्हणून "अक्षरं की चित्रं" या वादात मला आता फारसा रस नाही. कोणती माहिती निव्वळ रंगावर सोडली आहे, हे मी आधी बघतो. आमच्या क्षेत्रात यावर २०१५पासून एक मानक आहे, आयएसए १०१. कंट्रोल रूमचे पडदे राखाडी ठेवा, रंग अलार्मसाठी राखून ठेवा आणि अलार्मलाही नुसता रंग नको, आकार किंवा आकडा जोडीला द्या, अशी ती शिस्त. नेटहॅकला ती कोणी सांगितली नाही.

पहिला उपाय मीच केला आणि तो अंगाशी आला. टर्मिनलचे सोळा रंग बदलता येतात. मी हिरवा चांगलाच उजळवला, म्हणजे हॉबिट चमकेल आणि ड्वार्फ काळपट राहील. एचचं काम झालं. पण मोठा एफ म्हणजे बुरशीची जात. त्यात उजळ हिरवा एफ लायकेन, अगदी सावकाश सरकणारा आणि फार तर चिकटणारा. त्याचं प्रेत कधी नासत नाही, त्यामुळे शिदोरी म्हणून सगळे घेतात. साधा हिरवा एफ मात्र ग्रीन मोल्ड. तो जागचा हलत नाही, पण तुम्ही हात लावलात तर ॲसिड उडतं, ४ ते २४ जीव जाऊ शकतात. मी साध्या हिरव्याला उजळ करून दोघांना जुळे भाऊ केलं होतं. शिदोरी घ्यायला गेलो आणि वितळलो. यात दोष कोणाचा, ते लिहायची गरज नाही.

मग चिडून टाइल्सकडे वळलो. नेटहॅकच्या टाइल्स मला जमल्या नाहीत आणि त्याचं कारण साध्या गणितात आहे. नकाशा ८० घरं रुंद. मूळ टाइल १६ पिक्सेलची, म्हणजे १२८० पिक्सेल. माझा पडदा १३६६चा, त्यामुळे बसतं कसंबसं. पण १६ पिक्सेलमध्ये दाढीवाला कोण आणि केसाळ पायांचा कोण हे बघायला नाक पडद्याला लावावं लागतं. दुप्पट केलं तर २५६० पिक्सेल हवेत. मग नकाशा इकडे तिकडे सरकवत बसा. अक्षर मात्र तेवढ्याच जागेत ठसठशीत दिसतं, कारण फॉन्ट बनवणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या त्याच आकारावर डोकं घासलंय.

क्रॉलचं गणित उलटं. तिथे तुमच्या नजरेचा आवाका चारही बाजूंना सात घरं, म्हणजे बघायचा चौकोन १५ बाय १५. टाइल ३२ पिक्सेलची धरली तरी ४८० पिक्सेलमध्ये सगळं समोर. शिवाय झोपलेल्या प्राण्यावर झोपेची खूण येते, आपण घातलेलं चिलखत आपल्या बाहुलीच्या अंगावर दिसतं, कोपऱ्यात छोटा नकाशा असतो. क्रॉल मी पंधरा दिवस अक्षरांत खेळून पाहिला आणि सोडला. ऑगस्टपासून तो टाइल्समध्येच. इथे रंगावाचून माझं काही अडलं नाही, कारण आकार वेगळे आहेत.

ब्रोगबद्दल थोडक्यात. दिसायला तिघांत सगळ्यात देखणा, आणि तोही अक्षरांतच. पाणी हलतं, मशालीचा उजेड भिंतींवर पसरतो, गवताला आग लागली की ती धावत तुमच्याकडे येते. कीबोर्डवरचा जी दाबला की चित्रं येतात, पण मला त्याचा उपयोग नाही, कारण तिथे घात होतो तो वायूंमुळे आणि वायू दोन्हीकडे नुसता रंगाचा धूर असतो. विषारी कोणता आणि पेट घेणारा कोणता, हे मी कर्सर नेऊन नाव वाचल्याशिवाय सांगू शकत नाही. डाव्या पट्टीत समोरच्या प्राण्यांची नावं येतात, ती मात्र मोठी मदत.

"चित्रं लावलीत तर ते खरं रोगलाइक नाही" म्हणणारे भेटतील. २००८मध्ये बर्लिनला याच खेळांच्या परिषदेत जी व्याख्या ठरली, तिच्यातसुद्धा अक्षरी पडदा हा दुय्यम निकषांत आहे. तेव्हा त्यांच्याशी वाद घालत बसू नका. आणि "चित्रं नाहीत तर कोण खेळणार" म्हणणाऱ्यांशीही नको. आठवडाभर अक्षरं डोळ्यांत बसू द्या, मग बोला.

आता जानेवारी. निफाडचा पारा उतरला की इकडे आमचेही हात गारठतात, गोधडीत लॅपटॉप घेऊन बसतो. नेटहॅक परत अक्षरांतच खेळतो. या वेळी हिरव्याला हात लावला नाही, लालमध्ये थोडा निळा मिसळून तो गुलाबीकडे नेला. मला निळा नीट दिसतो, त्यामुळे ड्वार्फ आता लांबून कळतो. भाचा हसतो, "मामा, तुमचे ड्वार्फ गुलाबी?" हसू दे. दुसरी सवय म्हणजे अनोळखी अक्षर दिसलं की सेमीकोलन दाबून कर्सर त्यावर न्यायचा. खेळ नाव सांगतो आणि चालही खर्ची पडत नाही.

भाचा कायम टाइल्सवाला. गेल्या रविवारी मी त्याला म्हटलं, एक डाव अक्षरांत काढून दाखव, मिसळ माझ्याकडून. गडी खेळला छान, माझ्यापेक्षा कितीतरी खोल गेला. तिथे एक जांभळा एच समोर आला. ड्वार्फांचा राजा जांभळाच असतो. "राजा आहे, याला मी एकटा बघतो," म्हणत तो सरळ भिडला. पण माइंड फ्लेअरही जांभळा एचच असतो, अगदी त्याच छटेचा, आणि तो सोंडांनी डोक्यातली बुद्धी शोषून घेतो. टाइल्समध्ये या दोघांची चित्रं वेगळी असतात, म्हणून याला कधी प्रश्नच पडला नव्हता. थडगं आल्यावर तो जरा वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"मामा, सेमीकोलन दाबायचं राहिलं."

मिसळ तरीही मीच दिली.