मागच्या ड्रमच्या जागी डिस्क: किट उत्तम, हँडब्रेकची बाजू लंगडी

गाडीचे मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवायचं किट घेऊ का, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, गाडी चिखलपाण्यात किती जाते? डांबरावरच पळत असेल तर पैसे घालवू नका. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं आणि गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकंच करतात. मागे डिस्क लावली म्हणून गाडी निम्म्या अंतरात थांबत नाही. 2018 मध्ये आलेल्या नव्या सुझुकी जिम्नीलाही मागे ड्रमच आहेत आणि रस्त्यावर त्यांचं काही अडत नाही.

माझी गाडी जुनी, पाट्यांच्या स्प्रिंगांची, आणि ती जाते ओढ्यांतून आणि चिखलातून. तिथे ड्रमने मला पुरतं छळलं. ड्रम म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. पाणी आत शिरतं लगेच, निघतं मात्र सावकाश. उघडून बघावं तर लायनरच्या (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्टीच्या) भुकटीत कालवलेला चिखल वाळून दगड झालेला, लायनर आणि ड्रममधलं अंतर जुळवणाऱ्या ॲडजस्टरची दातेरी चाकी जाम आणि हँडब्रेकची लिव्हर गंजून अर्ध्यावर अडकलेली. त्यात खरी भीती चढावर. चढावर इंजिन बंद पडलं की वजन मागच्या ॲक्सलवर येतं, पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी धरून ठेवायची जबाबदारी नेमकी त्या भिजलेल्या लायनरवर पडते. पाय पूर्ण दाबलेला असतो, पुढची चाकं लॉक होऊन घसरत असतात आणि गाडी मागे सरकतच राहते. ही भीती गेली पाहिजे, एवढ्याचसाठी मी हे किट घेतलं.

किटमध्ये दोन रोटर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्क), दोन कॅलिपर (पॅड रोटरवर दाबणारे चिमटे), पॅड, जाड पोलादी ब्रॅकेट, नव्या होज, त्या जोडायचे पोकळ बॅन्जो बोल्ट आणि तांब्याचे वॉशर आले. ब्रॅकेटचं काम बघून समाधान वाटलं. भोकं नेमकी, कडा साफ, कुठेही फाइल मारावी लागली नाही. एक गोष्ट मात्र विकणारे नीट सांगत नाहीत. माझ्यासारख्या सेमी-फ्लोटिंग ॲक्सलला (ज्यात ॲक्सल शाफ्टच चाकाचं वजनही पेलतो) जुनी बॅकिंग प्लेट (ड्रममागची थाळी) काढायची तर ॲक्सल शाफ्ट बाहेर ओढावा लागतो. म्हणजे बेअरिंग आणि ऑइल सील हातात येतातच, तर सील त्याच वेळी नवं टाका. जुनं सील पुढे गळलं तर गिअर ऑइल थेट नव्या पॅडवर येईल.

तक्रार शिमची, म्हणजे फट भरून काढायच्या पातळ चकत्यांची आहे. एका बाजूचा कॅलिपर रोटरच्या मधोमध बसेना, आतल्या अंगाला झुकला होता. शिम पाकिटात नव्हतेच, ते मला बाहेरून करून घ्यावे लागले. सोबतचा सूचनांचा कागदही अगदी त्रोटक. कॅलिपर डावा-उजवा ओळखायची खूण त्यावर असायलाच हवी होती. ती खूण म्हणजे ब्लीडर निपल, म्हणजे लाइनमधली हवा काढायचं तोंड. कॅलिपर गाडीवर चढल्यावर निपल सगळ्यात वर असलं पाहिजे. बाजू उलटसुलट झाल्या की निपल खाली जातं, वर हवा अडकून राहते आणि बाटलीभर ब्रेक ऑइल ओतलं तरी पेडल स्पंजीच लागतं. रोटर बसवल्यावर त्याचा डगडगही (फिरताना बाजूला हलणं) डायल गेजने पाहा. 0.1 मिलिमीटरच्या आत असेल तर पेडल थरथरणार नाही.

आता मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप. जुन्या गाड्यांत मागच्या ड्रमच्या लाइनला बऱ्याचदा एक बारीक रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये साधारण 10 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब धरून ठेवतो. ड्रमला ते चालतं, कारण आत लायनर मागे खेचणाऱ्या स्प्रिंगा असतात. डिस्कला तसं काही नसतं, म्हणून तेवढ्या दाबाने पॅड रोटरला चिकटून घासत राहतात आणि चाक हात लावू नये इतकं तापतं. तो व्हॉल्व्ह काढलाच पाहिजे. मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीला असेल तर त्याजागी 2 पीएसआयचा टाकतात. शिवाय कॅलिपरचा पिस्टन ड्रममध्ये लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरपेक्षा बराच मोठा असतो. व्यास दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट, आणि तेवढं जास्त ऑइल ढकलावं लागतं. त्यामुळे पेडल आधीपेक्षा थोडं खाली जातं. माझं जातं, पण धरतं तिथे घट्ट धरतं. फारच खाली जात असेल तर मोठ्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) मास्टर सिलिंडर घ्या, पण मग पाय जास्त जोराने दाबावा लागेल, हेही लक्षात ठेवा.

पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल जमवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. मागची चाकं आधी लॉक झाली की गाडीची शेपटी फिरते, आणि ओल्या उतारावर असं झालं तर सावरायला जागा नसते. मी मागच्या लाइनला मागचा दाब कमी-जास्त करणारा, हाताने फिरवायचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावला आणि मोकळ्या मैदानावर कमी वेगात जोरात ब्रेक मारत, बाहेर उभ्या माणसाला चाकं बघायला लावून, पुढची चाकं आधी लॉक होतील असा तो बसवला. ज्यांच्या गाडीला ॲक्सलवर दांडी असलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (वजनानुसार मागचा दाब बदलणारा) आहे आणि ज्यांनी गाडी लिफ्ट केली (सस्पेन्शन उंच केलं) आहे, त्यांनी ती दांडी आधी तपासावी. चेसिस वर गेली की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते, तो मागचा दाब कमी करतो, आणि मग नव्या डिस्कचा फायदा शून्य.

हँडब्रेकवर मी सगळ्यात जास्त नाराज आहे. माझ्या किटमधल्या कॅलिपरलाच लिव्हर आहे, तार ओढली की आतला स्क्रू पिस्टन ढकलतो. जाहिरातीत 'हँडब्रेकसह' असं लिहिलंय, तारा मात्र किटमध्ये नाहीत. पकडही ड्रमइतकी नाही. ड्रममध्ये पुढचा लायनर फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत खेचला जातो, डिस्कमध्ये ती मदत मिळत नाही. सपाटीवर ठीक, पण खड्या चढावर मी अजूनही चाकाखाली दगड ठेवते आणि गाडी गिअरमध्ये सोडते. असे कॅलिपर हँडब्रेक वापरत राहिलं तरच ॲडजस्ट होतात. वापर सोडला की गॅप वाढतो आणि पेडलही खाली जातं. माझं स्पष्ट मत आहे की रोटरच्या पोटात छोटा ड्रम असलेलं किट मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तेच घ्या. 1995 ते 2001 च्या फोर्ड एक्सप्लोररचा 8.8 इंची मागचा ॲक्सल जीपवाले आख्खा उचलून बसवतात, त्याला डिस्क आणि आत हँडब्रेकचा ड्रम अशीच सोय आहे. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरसारखा प्रॉपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्यावर) हँडब्रेक असेल तर हा प्रश्नच येत नाही. तो चालत्या गाडीत मात्र कधी ओढू नये.

एवढं करून ओढ्यात उतरले. बाहेर आल्यावर पहिल्यांदा पेडल दाबताना ब्रेक जरासा उशिरा लागला, रोटरवरचं पाणी पॅडने पुसलं आणि पुढच्याच दाबाला गाडी जागच्या जागी. त्याच चढावर मुद्दाम अर्ध्यात थांबवली. मागे सरकली नाही. लांब उतारावरही पेडल तसंच वर राहतं. ड्रम तापून फुगला की लायनरपासून लांब जातो आणि पाय खोल जातो, तो प्रकार आता नाही.

चिखलाची झीज मात्र डिस्कलाही चुकत नाही. रेताड चिखलात मागचे पॅड भराभर संपतात, आणि मधूनच एखादा खडा डस्ट शील्ड आणि रोटरमध्ये अडकून कर्कश ओरडतो. गाडी थोडी मागे घेतली की बऱ्याचदा निघतो. पॅड किती उरले ते चाक न काढता रिममधून वाकून दिसतं, हे मला फार सोयीचं वाटतं. किट घेताना रोटर आणि पॅड कुठल्या नेहमीच्या गाडीचे आहेत ते विकणाऱ्याकडून लिहून घ्या. माझ्या विक्रेत्याने ते विचारल्याबरोबर सांगितलं, म्हणून पॅड संपले की मी कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानातून नवे घेते.