क्लच बदलल्याचे पैसे घेतले, गिअरबॉक्स उतरवलाच नव्हता

पावसात चढावर गाडीची पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि गॅरेजवाल्याने गाडीखाली न जाताच "क्लच प्लेट गेली" असं सांगितलं, तर त्याच्या हातात किल्ली देऊ नका. आमच्या घरी हे घडलं आहे आणि त्यात बाबांचे साडेचौदा हजार रुपये गेले आहेत.

बाबांची गाडी 2016 सालची छोटी हॅचबॅक. निवृत्तीनंतर ती फारशी बाहेर निघत नाही. बाजार, देऊळ आणि कधीतरी बेळगावला मावशीकडे. चवथीच्या आधी सगळे मिळून बेळगावला निघालो होतो. गाडीत पाच माणसं, डिकीत नारळ आणि पिशव्या. गोव्यातलं केरी सोडून चोर्ला घाटाचा चढ लागला, पाऊस होताच, आणि एका वळणावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढायचा पण गाडी पुढे सरकायची नाही. मागे बस, एका बाजूला दरी. आई त्या दिवसापासून घाटाचं नाव काढू देत नाही. कसंबसं वळून परत आलो आणि बाबांनी गाडी ओळखीतून कळलेल्या एका गॅरेजमध्ये नेली.

तिथे दोन मिनिटांत निदान झालं. इंजिन ओरडतं, गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच. दोन दिवसांनी गाडी मिळाली. क्लच सेट आणि मजुरी मिळून 14,500 रुपये, वहीच्या कागदावर हाताने लिहिलेले. बाबांनी जुनी प्लेट मागितली, तर ती भंगारात गेली म्हणाले. सत्तरी ओलांडलेल्या, सगळ्यांना आदराने "बाब" म्हणून बोलणाऱ्या माणसाला असं तोंडावर सांगणाऱ्यांचा मला आजही संताप येतो.

पुढच्या मोठ्या पावसात घराजवळच्याच चढावर गाडी पुन्हा तशीच. यावेळी भावाने सांखळीतल्या एका जुन्या मेस्त्रीला बोलावलं. त्याने आधी बाबांना एकच गोष्ट विचारली: आवाज चढतो तेव्हा स्पीडचा काटा पण वर उडतो का? उडत होता. क्लच सरकत असेल तर इंजिन नुसतंच फिरतं, चाकांपर्यंत जोर पोचत नाही, त्यामुळे काटा जिथल्या तिथे राहतो. काटा उडतो याचा अर्थ चाक फिरतंय, रस्ता धरत नाहीये. मग त्याने सपाट मोकळ्या जागी, समोर कुणी नाही हे बघून, हँडब्रेक ओढला, पायाचा ब्रेक दाबला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. इंजिन लगेच बंद पडलं. क्लच घसरत असता तर ते चालूच राहिलं असतं.

"पण क्लच तर नवाच घातलाय," भाऊ म्हणाला. मेस्त्री टॉर्च घेऊन खाली शिरला. आमच्यासारख्या गाडीत क्लच प्लेट बदलायची तर चाकांकडे जाणारे शाफ्ट काढावे लागतात, गिअरबॉक्स इंजिनपासून सोडवून खाली उतरवावा लागतो. त्याशिवाय प्लेटपर्यंत हात पोचत नाही. आणि गिअरबॉक्सच्या बोल्टांवर आमच्या रस्त्याचा तांबडा चिखल वाळून दगड झाला होता, खालचा गंजही तसाच; पान्याचा एक ओरखडा नाही. "हाका कोणेंच हात लावूंक ना," तो बाहेर येऊन म्हणाला. म्हणजे जुना क्लच पहिल्यापासून धड होता आणि अजूनही तोच गाडीत आहे.

खरा दोष टायरांत होता. नक्षी खोल होती, म्हणून कुणालाच संशय आला नाही. मेस्त्रीने टायरच्या बाजूवर लंबगोलात कोरलेले शेवटचे चार आकडे दाखवले: 1416. म्हणजे 2016 सालचा चौदावा आठवडा. गाडी कमी चालली की नक्षी झिजत नाही, पण उन्हात उभं राहून रबर कडक होतं. आमच्या टायरांना बाजूने बारीक भेगा पडल्या होत्या, नखाने दाबलं तर दबत नव्हते. असं रबर ओल्या डांबराला धरत नाही. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या, दहा वर्षांपलीकडे वापरूच नका, असं काही टायर कंपन्याच सांगतात. नक्षी 1.6 मिलिमीटरवर आली की टायर संपला हे बहुतेकांना ठाऊक असतं. वयाचं कुणी बघत नाही. त्यात हवा ठरल्यापेक्षा बरीच जास्त भरलेली. ती किती हवी हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी भरलेल्या डिकीने चढावर गेली की वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात.

चारही टायर बदलले, हवा स्टिकरप्रमाणे ठेवली. त्यानंतर भर पावसात तोच चढ गाडी सरळ चढली.

पहिल्या गॅरेजात आम्ही फोटो घेऊन गेलो, तेव्हा आधी "काम केलंय" आणि मग "दुसऱ्याने चिखल लावला असेल" असं उत्तर मिळालं. आता लेखी नोटीस दिली आहे. पैसे परत आले नाहीत तर उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. माहितीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. पक्कं बिल नसलं तरी बाबांनी पैसे फोनवरून पाठवले होते, ती नोंद आमच्याकडे आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर दुसऱ्या मेस्त्रीला काहीही खोलू देण्याआधी बोल्टांचे फोटो काढून ठेवा, गाडीचा नंबर त्याच फोटोंच्या मालिकेत येईल असे. गाडी एकदा धुतली की तो चिखल परत मिळत नाही.