मराठी गोदरेज टाइपरायटर : पावसाळ्यापासून वापरतोय, आता लिहितो

शोभेसाठी घेणार असाल तर हा रिव्ह्यू तुमच्या कामाचा नाही. मी यावर रोज लिहितो.

गोदरेजने 1955 मध्ये पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला आणि 2009 च्या सुमारास उत्पादन बंद केलं. त्यामुळे आता मिळेल तो जुनाच. माझा एका बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून आलाय. कान्याच्या कळेवरची खूण विद्यार्थ्यांनी पार पुसून टाकलीय, आणि ते साहजिकच आहे. थ, भ, श यांसारखी अक्षरं इथे अख्खी मिळत नाहीत. अर्धं अक्षर मारायचं, मग काना.

खरी गंमत पहिल्या वेलांटीची. ती अक्षराच्या आधी मारावी लागते. ‘स्थिती’ लिहायचं तर क्रम असा: वेलांटी, अर्धा स, अर्धा थ, काना, त, दुसरी वेलांटी. म्हणजे पहिली कळ दाबण्याआधी अख्खा शब्द ऱ्हस्व-दीर्घासकट डोक्यात तयार हवा. फोन दोन अक्षरांत शब्द सुचवून मोकळा होतो. इथे सुचवायला कोणी नाही. माझी वाक्यं त्यामुळे आखूड झालीत आणि विशेषणं कमी. चुकलेल्या ओळीवर सरळ फुल्या मारतो. खोडलेलंही समोर राहतं, आणि कधीकधी तेच बरं होतं असं दुसऱ्या दिवशी लक्षात येतं. नोटिफिकेशन नाही वगैरे फायदे सगळेच सांगतात, मला ते दुय्यम वाटतात.

आता त्रास. ऑनलाइन मागवलेली रिबन सुकी निघाली, अक्षर करडं उठायचं. शेवटी कोर्टाबाहेर बसणाऱ्या एका टायपिस्टकाकांनी दुकान सांगितलं, तिथली रिबन काळीभोर. आवाज भरपूर, खाली सतरंजीची घडी घातली तरी रात्री दहानंतर घरचे हात जोडतात. आणि मजकूर कुठे पाठवायचा तर संगणकावर पुन्हा टाइप करणं आलंच. मी तेवढ्यात दुसरा खर्डा उरकून घेतो, पण घाईच्या कामाला हे यंत्र काढू नका.

घ्यायला जाल तेव्हा कोरा कागद सोबत न्या. अनुस्वार चार-पाचदा मारा आणि कागद उजेडात धरा. टिंबांच्या जागी भोकं दिसली तर रोलरचं रबर कडक झालंय. किमतीत तेवढी घासाघीस करा, नाहीतर दुसरा बघा.