ट्रेसटुगेदर टोकन: वस्तू उत्तम, सेवा मध्यम

कोविडच्या साथीत बाधितांच्या जवळ कोण आलं होतं ते शोधणारी सिंगापूर सरकारची ही सेवा फेब्रुवारी 2023 मध्ये बंद झाली. तरी लिहितेय, कारण पुढच्या साथीत कुठलं ना कुठलं सरकार असंच काही आणणार.

टोकन म्हणजे मुठीत मावेल एवढं यंत्र. चार्जिंग नाही, जीपीएस नाही, इंटरनेट नाही. जवळ आलेल्या टोकनांशी आणि फोनमधल्या ॲपशी ब्लूटूथवरून सांकेतिक नोंदींची देवाणघेवाण व्हायची, 25 दिवसांनी जुन्या नोंदी पुसल्या जायच्या. कम्युनिटी सेंटरमध्ये फुकट मिळालं. त्याआधी मार्च 2020 मध्ये ॲप आलं होतं, पण सुरुवातीला आयफोनवर ते सतत उघडं ठेवावं लागे.

सुरुवातीला ॲप घेणारे कमीच होते. आमच्या शेजारच्या आजी मात्र टोकन गळ्यात घालून फिरायच्या आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला विचारायच्या, "तुझं कुठाय?" त्यांना उत्तर द्यायला नको म्हणून मजल्यावरच्या दोन-तीन घरांनी टोकन आणलं. मास्क न लावल्यास पहिल्यांदाच 300 डॉलर दंड होता, पण आजींच्या प्रश्नाचा धाक मला त्याहून जास्त वाटायचा. त्या आम्हाला नावानिशी ओळखत होत्या. मॉलच्या गर्दीत असं कोण कुणाला विचारणार? तिथे दाराशी नियमच हवा. मे 2021 पासून अशा ठिकाणी टोकन किंवा ॲप सक्तीचं झालं, ते मला पूर्ण पटलं.

राग आला तो त्याआधी, जानेवारी 2021 मध्ये. सत्तर टक्क्यांहून जास्त लोक सामील झाल्यावर संसदेत सांगण्यात आलं, की फौजदारी प्रक्रिया संहितेखाली पोलीस ही माहिती मागू शकतात. तोवर आम्हाला सांगितलं होतं, फक्त संपर्क शोधण्यासाठी. आजी दारोदार तेच सांगत होत्या! सरकारच्या भरवशावर दिलेला त्यांचा शब्द खोटा पडला. फेब्रुवारीत कायदा करून पोलिसांकडून होणारा या माहितीचा वापर सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित केला. चांगला कायदा, पण तो ॲपबरोबरच, मार्च 2020 मध्येच यायला हवा होता. सरकारचे हात कायद्याने बांधलेले असते, तर शेजाऱ्याला आग्रह करणाऱ्यांना तोंडघशी पडावं लागलं नसतं.

आजींनी टोकन शेवटपर्यंत वापरलं. दुसऱ्यांना विचारणं मात्र त्या जानेवारीतच थांबवलं. म्हणून टोकनला पाचपैकी साडेचार तारे, सेवेला तीन.